विश्लेषण : अचूक घड्याळ जोडलं, तरी रेडिओ ते का मानत नाही?

जीपीएस उपग्रहांवरून वेळ घेऊन अचूक १० मेगाहर्ट्झचा सिग्नल देणाऱ्या छोट्या डब्या आता हॅम रेडिओच्या छंदात सहज दिसतात. पण अशा डबीची केबल लाखाच्या वर किमतीच्या रेडिओत थेट लावली, तर रेडिओ कधी तिला ओळखत नाही, कधी ओळखून सोडून देतो आणि कधी त्याच्या इनपुटलाच धोका पोहोचतो. घड्याळ बरोबर असतं, पण त्याची ‘पातळी’ चुकलेली असते. ही पातळी म्हणजे काय, ती मोजायची आणि जुळवायची कशी, याविषयी.

नेमकं काय झालं होतं?

‘अगं, गेला बहुतेक.’ रविवारी सकाळी मित्राचा फोन आला तो असा. आम्ही इंजिनीअरिंगला एकत्र होतो. तो आता पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मी बातम्यांमध्ये. हॅम रेडिओचा परवाना त्यानं कॉलेजातच काढला होता. दोन वर्षांचा बोनस साठवून त्यानं नवा ट्रान्सरिसीव्हर घेतला आणि पाठोपाठ जीपीएसवर चालणारी फ्रिक्वेन्सी रेफरन्सची डबी मागवली. रेडिओच्या मागच्या बाजूला ‘रेफरन्स इन’ असं लिहिलेलं सॉकेट होतं. डबीची केबल त्यानं त्यात लावली. पडद्यावर रेडिओनं बाहेरचा सिग्नल पकडल्याची खूण आली, गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली.

त्याला वाटलं, जीपीएसचाच घोटाळा आहे. त्यानं खिडकीतला अँटेना गच्चीवर नेला. डबीवरचा दिवा हिरवा, म्हणजे उपग्रह व्यवस्थित मिळत होते. मग त्यानं आपण सगळेच करतो तेच केलं. आवाज नीट येत नसेल तर व्हॉल्यूम वाढवायचा! डबीच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट सर्वात वरच्या सेटिंगवर नेलं. त्यानंतर ती खूण दिसेनाशीच झाली आणि मला फोन आला.

रेडिओ गेला नव्हता. पण मित्र उलट्या दिशेनं निघाला होता. रेडिओला हवा होता त्यापेक्षा कितीतरी पट जोरदार सिग्नल तो पहिल्यापासून देत होता आणि मग त्यानं तो आणखी वाढवला.

रेडिओला बाहेरचं घड्याळ लागतंच कशाला?

प्रत्येक रेडिओच्या आत एक क्रिस्टल असतो. तो ठरावीक वेगानं थरथरतो आणि त्या थरथरीवरून रेडिओच्या बाकी सगळ्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. क्रिस्टल तापला की किंचित सरकतो. चांगल्या रेडिओत तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल असतो. त्याची चूक साधारण अर्धा पीपीएम, म्हणजे दहा लाखांत अर्धा भाग इतकी धरली जाते. ऐकायला ही चूक नगण्य वाटते. पण १४४ मेगाहर्ट्झवर तिचे ७२ हर्ट्झ होतात आणि १२९६ मेगाहर्ट्झवर जवळपास ६५० हर्ट्झ.

नुसतं बोलायचं असेल तर एवढ्यानं फारसं बिघडत नाही, आवाज थोडा किनरा किंवा घोगरा होतो. मात्र आजकाल हॅम मंडळी एफटी-८ सारख्या डिजिटल पद्धती वापरतात. तिथे एक अख्खा सिग्नल ५० हर्ट्झमध्ये मावतो आणि त्यातले सूर एकमेकांपासून सव्वासहा हर्ट्झवर असतात. डब्ल्यूएसपीआर या पद्धतीत तर सगळा सिग्नल सहाएक हर्ट्झचा. संदेश चालू असतानाच फ्रिक्वेन्सी सरकली, तर समोरच्या संगणकाला तो उलगडत नाही.

मित्राचं दुसरं वेड आहे क्यूओ-१०० ऐकण्याचं. कतारच्या एस्-हेल-२ या उपग्रहावर हॅम रेडिओसाठी बसवलेल्या ट्रान्सपाँडरचं हे नाव. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी फाल्कन-९ रॉकेटनं तो वर गेला आणि १४ फेब्रुवारी २०१९ रोजी ट्रान्सपाँडर हौशी मंडळींसाठी खुला झाला. भूस्थिर कक्षेतला हा हॅम रेडिओचा पहिलाच ट्रान्सपाँडर. तो २५.९ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आफ्रिकेच्या वर उभा आहे. पुण्यातून डिश पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे वळवून साधारण ३२ अंश वर उचलली की तो सापडतो.

त्याचा सिग्नल १०,४८९ मेगाहर्ट्झच्या पुढे येतो. डिशच्या तोंडाशी असलेली एलएनबी नावाची डबी त्यातून ९,७५० मेगाहर्ट्झ वजा करून उरलेला सिग्नल खाली घरात पाठवते. हे ९,७५० येतात कुठून? अनेक एलएनबींमध्ये २५ मेगाहर्ट्झचा एक स्वस्त क्रिस्टल असतो, त्याची ३९० पट. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर तापलेला हा क्रिस्टल एक पीपीएम सरकला, की ऐकू येणारं स्टेशन पावणेदहा किलोहर्ट्झ सरकतं. एका माणसाच्या बोलण्याला जेमतेम तीन किलोहर्ट्झची जागा लागते. म्हणजे तुम्ही ऐकत असलेला माणूस तीन घरं ओलांडून पलीकडे गेलेला असतो. टीव्हीच्या डिशला याचा त्रास होत नाही, कारण टीव्हीचा सिग्नल कित्येक मेगाहर्ट्झ रुंद असतो. सेट-टॉप बॉक्स एवढी चूक मुकाट्यानं पचवतो.

यावर उपाय एकच. सगळ्या उपकरणांना एकाच भरवशाच्या घड्याळाला बांधायचं. मैफिलीत गायक, हार्मोनियम, तबला सगळे तंबोऱ्याच्या षड्जाला लागलेले असतात, तसंच. आपल्याकडचं याचं सर्वात मोठं उदाहरण नारायणगावजवळ खोडदला आहे. जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्या सगळ्यांना मध्यवर्ती ठिकाणाहून ऑप्टिकल फायबरनं एकच संदर्भ सिग्नल जातो. तो नसता, तर ३० अँटेना मिळून एक दुर्बीण झालीच नसती.

जीपीएसची डबी काय करते?

जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. आपल्या ‘नाविक’ यंत्रणेतल्या उपग्रहांतही असतं. २९ मे २०२३ रोजी इस्रोनं सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये तर देशी बनावटीचं रुबिडियम घड्याळ आहे. जीपीएसडीओ म्हणून ओळखली जाणारी डबी उपग्रहांची वेळ ऐकते आणि तिच्या आधारानं आपल्या पोटातल्या क्रिस्टलचे कान पिळत राहते. मिनिटा-दोन मिनिटांच्या सरासरीत तिची चूक अब्जात एका भागाहूनही कमी असते. एलएनबीच्या ९,७५० मेगाहर्ट्झवर याचा अर्थ दहा हर्ट्झच्या आतली चूक. क्रिस्टलच्या दहा किलोहर्ट्झशी तुलना करा, म्हणजे लोक ही डबी का घेतात ते कळेल.

यातल्या बहुतेक डब्या १० मेगाहर्ट्झ देतात. प्रयोगशाळांमध्ये आणि मोजमापाच्या उपकरणांमध्ये हा आकडा वर्षानुवर्षं रुळला आहे. फ्रिक्वेन्सीवर सगळ्या जगाचं एकमत झालं. सिग्नल किती जोरात द्यायचा यावर मात्र झालं नाही, आणि इथेच गोम आहे.

ब्रिटनमधल्या लिओ बोडनार कंपनीच्या छोट्या डब्या हॅम मंडळींत लोकप्रिय आहेत. त्यांचं आउटपुट चार पायऱ्यांवर ठेवता येतं, साधारण +८ पासून +१३ डीबीएमपर्यंत. मोबाइल टॉवरच्या यंत्रणेतून निघालेले जुने ट्रिम्बल थंडरबोल्ट बाजारात मिळतात, ते +१२ च्या आसपास देतात. आता घेणाऱ्याची बाजू पाहा. आयकॉमच्या आयसी-९७०० आणि आयसी-७६१० या रेडिओंच्या पुस्तिकांमध्ये या सॉकेटची अपेक्षित पातळी लिहिली आहे, सुमारे उणे १० डीबीएम. दुसऱ्या कंपन्यांचे काही रेडिओ शून्याच्या आसपास मागतात, काहींना त्याहून बराच जोरदार सिग्नल लागतो.

+१३ आणि उणे १० मध्ये फरक किती? २३. पण २३ काय? पट नाही, टक्के नाहीत, व्होल्टही नाहीत. मित्र इथेच अडखळला होता आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या वर्षापर्यंत मीही अडखळत होते.

डीबीएमचं गणित कसं मांडायचं?

डीबीएम हे शक्ती मोजण्याचं माप आहे, त्याचं शून्य एक मिलिवॅटवर ठेवलेलं. तिथून १० वर गेलं की शक्ती दहापट, १० खाली आलं की दहावा हिस्सा. ३ वर गेलं की दुप्पट, ३ खाली आलं की निम्मी. एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर कॅल्क्युलेटर लागत नाही. +१० म्हणजे दहा मिलिवॅट, +१३ म्हणजे त्याच्या दुप्पट, वीस मिलिवॅट. उणे १० म्हणजे एक दशांश मिलिवॅट. वीसला एक दशांशानं भागा, उत्तर येतं २००.

मित्र रेडिओला हवी त्याच्या २०० पट शक्ती देत होता. अगदी खालच्या सेटिंगवर, +८ वरसुद्धा, ती साठपटीहून जास्त होती.

यात एक अट लपलेली असते. हे सगळे आकडे ५० ओहमच्या जोडणीसाठी आहेत. देणारं यंत्र ५० ओहमचं, केबल ५० ओहमची आणि घेणाऱ्याचा दरवाजाही ५० ओहमचा, असं धरून ते लिहिलेले असतात. तसं असेल तर डीबीएमचं भाषांतर व्होल्टमध्ये करता येतं. गुळगुळीत साइन लाटेसाठी उणे १० डीबीएम म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ०.२ व्होल्ट. शून्य डीबीएम म्हणजे ०.६३ व्होल्ट, +१० म्हणजे २ व्होल्ट आणि +१३ म्हणजे २.८ व्होल्ट. शक्ती २०० पट असली तरी व्होल्ट चौदापटच वाढतात, कारण शक्ती व्होल्टच्या वर्गानं वाढते.

कॉलेजात असताना आमच्या गटातल्या एकानं पाच वॅटचा वॉकीटॉकी थेट स्पेक्ट्रम अनालायझरला जोडला होता. पाच वॅट म्हणजे +३७ डीबीएम. त्या यंत्राच्या तोंडावर ‘कमाल +३०’ असं छापलेलं होतं. सात आकड्यांचा तर फरक, असं त्याला वाटलं. हा ‘सात’ म्हणजे पाचपट. पुढचं सगळं सेमिस्टर ते यंत्र दुरुस्तीला होतं आणि आम्ही त्याचे प्रयोग पुस्तकातल्या चित्रांवर केले. कुठल्याही सॉकेटजवळ छापलेला लहान आकडा तेव्हापासून मी दोनदा वाचते.

मग सिग्नल कमी कसा करायचा?

त्यासाठी अ‍ॅटेन्युएटर लागतो. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, एका बाजूला नर आणि दुसऱ्या बाजूला मादी कनेक्टर असलेला धातूचा तुकडा. आत तीन रोधक. काहीशे रुपयांत मिळतो आणि त्याच्या अंगावर ३, ६, १०, २० असा आकडा कोरलेला असतो. तो आकडा सरळ वजा करायचा, बास. डीबीएमची खरी सोय हीच आहे, गुणाकार-भागाकार इथे बेरीज-वजाबाकी होऊन बसतात.

डबी +१३ वर असेल आणि २० चा अ‍ॅटेन्युएटर लावला, तर रेडिओला उणे ७ मिळेल. त्याला आणखी एक ३ चा जोडला की बरोबर उणे १०. त्याऐवजी डबीच सर्वात खालच्या पायरीवर, +८ वर ठेवली आणि एकटा २० चा लावला, तर उणे १२. पुस्तिकेत ‘सुमारे’ लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन-तीन डीबी इकडेतिकडे झाले म्हणून डोकं आपटून घ्यायचं कारण नाही. मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त पटतो. डबीतून निघणारा सिग्नलच कमी ठेवला की तो केबलमधून आणि पेटीच्या फटींतून गळतोही कमी.

हाताशी सोल्डरिंग आयर्न असेल तर हा तुकडा घरीही बनतो. सिग्नलच्या वाटेत २४० ओहमचा एक रोधक आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून जमिनीकडे ६२ ओहमचे दोन. एवढ्यात १९.७ डीबीची घट मिळते आणि दोन्ही बाजूंना ५० ओहमची जुळणीही टिकते. शक्ती वीस मिलिवॅटच असल्यानं पाव वॅटचे साधे रोधक चालतात.

‘नुसता एक मोठा रोधक वाटेत घातला तर?’ हे मित्रानं विचारलंच. सिग्नल कमी होईल, पण जुळणी मोडेल. केबलच्या टोकाला धडकून लाटेचा काही भाग परत फिरेल आणि जाणाऱ्या लाटेत मिसळेल. तीन रोधक लागतात ते या कारणानं. उलट चांगला अ‍ॅटेन्युएटर मध्ये असला की परत फिरलेली लाटही त्यातून दोनदा जाऊन क्षीण होते, त्यामुळे दोन्ही यंत्रांची जुळणी आपोआप सुधारते.

जास्त झाला तर काय, कमी झाला तर काय?

जास्तीचा धोका पटकन समजतो. रेडिओच्या आतला पहिला टप्पा छोट्या सिग्नलसाठी बनवलेला असतो. त्याला चौदापट व्होल्ट मिळाले तर लाटेची टोकं कापली जातात, आकार बिघडतो, नको त्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि त्या रेडिओभर फिरतात. संरक्षक डायोड असतील तर ते वाहू लागतात. नसतील, तर तो टप्पा जळूही शकतो. रेफरन्सचं सॉकेट मुख्य बोर्डावरच असेल, तर दुरुस्तीचा खर्च अ‍ॅटेन्युएटरच्या किमतीत मोजण्यासारखा राहत नाही.

कमी सिग्नलचा त्रास लवकर दिसत नाही, म्हणून तो जास्त फसवा. रेडिओ येणाऱ्या लाटेकडे घड्याळाच्या टोल्यासारखं पाहतो. लाट शून्याला ओलांडते तो क्षण म्हणजे टोला. जोरदार लाट शून्य झटकन ओलांडते. क्षीण लाट रेंगाळत ओलांडते आणि त्या रेंगाळण्यात थोडासा गोंगाट मिसळला तरी टोल्याचा क्षण मागेपुढे होतो. सरासरी बरोबर असते, पण प्रत्येक टोला किंचित थरथरतो. १० मेगाहर्ट्झवर ही थरथर जाणवतही नाही. पण तिच्यावरून १०,००० मेगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी बनवली, की हजारपटीच्या गुणाकारानं हा गोंगाट ६० डीबीनं वर येतो. क्षीण सिग्नल त्यात बुडतात. पडद्यावर मात्र ‘सगळं ठीक’ अशीच खूण असते.

तंबोरा अगदीच हळू वाजत असेल तर गायकाला स्वर चाचपावा लागतो. आणि माइकसमोर तोच सर्वात मोठ्यानं वाजत असेल, तर मैफिलीत दुसरं काही ऐकूच येत नाही.

एकच उपाय सगळ्या यंत्रांना चालतो का?

नाही. मित्राच्या टेबलावरच याचा पुरावा होता. क्यूओ-१०० ऐकायला तो हॅकआरएफ वन हे संगणकाला जोडायचं रेडिओ यंत्र वापरतो. त्यालाही बाहेरच्या घड्याळासाठी १० मेगाहर्ट्झचं सॉकेट आहे. ट्रान्सरिसीव्हरचं गणित सुटल्यावर मित्र उत्साहानं दुसरा अ‍ॅटेन्युएटर इथेही लावायला निघाला होता. मी हात धरला.

हॅकआरएफला हवी असते शून्य ते ३.३ व्होल्टची चौकोनी लाट. त्याचं सॉकेट ५० ओहमचं नाही, त्याहून खूप जास्त रोधाचं आहे. ३.३ व्होल्टच्या वर जायचं नाही आणि शून्याच्या खालीही जायचं नाही, अशा दोन्ही बाजूंच्या मर्यादा बनवणाऱ्यांनीच घालून दिल्या आहेत. इथे २० चा अ‍ॅटेन्युएटर लावला तर त्याला घड्याळ दिसणारच नाही. थंडरबोल्टसारख्या डबीची साइन लाट थेट लावली, तर ती अर्धा वेळ शून्याच्या खाली जाईल, म्हणजे थेट नियमभंग.

कपॅसिटरची गंमत तर आणखी वेगळी. चौकोनी लाट देणाऱ्या डबीच्या सिग्नलमध्ये थोडा डीसी व्होल्टेज मिसळलेला असतो, कारण लाट शून्य ते ३.३ अशी वरच्याच बाजूला फिरते. ट्रान्सरिसीव्हरला तो नको असतो. म्हणून सिग्नलच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर घालतात. तो डीसी अडवतो आणि १० मेगाहर्ट्झला विनातक्रार जाऊ देतो. हाच कपॅसिटर हॅकआरएफच्या वाटेत घातला, तर लाट शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरेल आणि पुन्हा खाली जाईल. एका सॉकेटला जे औषध, ते दुसऱ्याला अपाय.

हॅकआरएफची आणखी एक खोड. केबल लावल्याक्षणी ते बाहेरच्या घड्याळावर जात नाही. ऐकणं किंवा पाठवणं नव्यानं सुरू केलं, की तेव्हाच बदल होतो. हे ठाऊक नसलेला माणूस केबल काढ-घाल करत बसतो आणि पातळीवर संशय घेतो.

दोन यंत्रांना एकाच आउटपुटवरून टी-जोड लावून सिग्नल द्यावा का? टाळलेलं बरं. एका फांदीवर ५० ओहमचा भार, दुसरी जवळपास मोकळी, म्हणजे एकाची पातळी दुसऱ्याच्या असण्या-नसण्यावर ठरणार. दोन आउटपुट असलेली डबी किंवा सिग्नल वाटून देणारा छोटा डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर हा सरळ मार्ग.

मोजताना कुठे फसगत होते?

मित्रानं कंपनीतून ऑसिलोस्कोप आणला होता. डबीची केबल स्कोपला लावली, पडद्यावर ३.३ व्होल्ट दिसले. मग तो म्हणाला, ‘हे बघ, हे तर +१३ पेक्षाही जास्त आहे.’ नव्हतं. साध्या स्कोपचं इनपुट दहा लाख ओहमचं असतं. म्हणजे केबलच्या टोकाला कुणी नाहीच, असं डबीला वाटतं आणि व्होल्ट दुप्पट दिसतात. ५० ओहमचा टर्मिनेटर टोकाला लावला, किंवा स्कोपमध्ये ५० ओहमची सोय असेल ती चालू केली, की खरा आकडा दिसतो. अ‍ॅटेन्युएटर लावून, टर्मिनेटरसह ०.२ व्होल्टच्या आसपास दिसलं, तर उणे १० साधलं म्हणायचं. टर्मिनेटरशिवाय तेच ०.४ दिसेल. लाट चौकोनी असेल तर हे गणित दोन-तीन डीबीनं सरकतं, कारण तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत शक्ती जास्त मावते.

स्कोप नसेल तरी अडत नाही. डबीच्या माहितीपत्रकातला आकडा घ्या, रेडिओच्या पुस्तिकेतला घ्या, वजा करा, येईल तो अ‍ॅटेन्युएटर लावा. काय देतंय ते माहीत नसलेली, नाव-गाव नसलेली डबी असेल, तर मात्र आधी मोजल्याशिवाय रेडिओजवळ नेऊ नये. शंका असली तर मोठ्या अ‍ॅटेन्युएटरनं सुरुवात करून एकेक पायरी कमी करत यायचं, कारण कमी सिग्नलनं काही जळत नाही.

केबलची लांबी, कनेक्टर वगैरे किती महत्त्वाचे?

१० मेगाहर्ट्झवर दोन मीटर केबलमधली घट विसरून जाण्याइतकी कमी असते. कनेक्टरकडे मात्र बघा. आयसी-९७०० ला एसएमए आहे आणि वायफाय राउटरच्या अँटेनाला असतो तो आरपी-एसएमए हुबेहूब तसाच दिसतो. आटे बसतात, फिरतात, घट्टही होतात. पण जुळत नसलेल्या जोडीत मधली पिन दोन्ही बाजूंना नसते. सिग्नल पोहोचतच नाही आणि माणूस पातळी वाढवत बसतो.

दुसरी कटकट हार्मोनिक्सची. १० मेगाहर्ट्झच्या चौकोनी लाटेत ३०, ५०, ७० असे विषम पटीतले सूर भरलेले असतात. यातला ५० मेगाहर्ट्झचा सूर मूळ सुरापेक्षा फक्त १४ डीबीनं कमी असतो, आणि हॅम मंडळींचा सहा मीटर बँड नेमका तिथूनच सुरू होतो. डबी जोडल्यापासून बँडच्या काठावर एक शिट्टी ऐकू येतेय, अशी तक्रार असेल तर तिचा उगम बहुधा तुमच्याच टेबलावर आहे. डबीजवळ एक लो-पास फिल्टर लावला की १० मेगाहर्ट्झ शुद्ध साइन होऊन पुढे जातो. मात्र हा फिल्टर ट्रान्सरिसीव्हरच्या वाटेतच लावायचा. हॅकआरएफला चौकोनी लाटच हवी.

आणि डबी लॅपटॉपच्या यूएसबीवर चालत असेल, तर लॅपटॉपच्या चार्जरचा गोंगाट केबलच्या जाळीवरून रेडिओत शिरू शकतो. अशा वेळी १:१ चा छोटा ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून दोघांच्या जमिनी वेगळ्या करतात. मित्राकडे याची गरज पडली नाही.

मग त्या रविवारी शेवटी काय झालं?

डबी सर्वात खालच्या पायरीवर आणली. तिचं एक आउटपुट फिल्टर, कपॅसिटर आणि २० च्या अ‍ॅटेन्युएटरमधून ट्रान्सरिसीव्हरला दिलं. पडद्यावरची खूण आली आणि थांबली. दहा मिनिटं आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो, ती हलली नाही. दुसरं आउटपुट हातभर केबलनं, मध्ये काहीही न घालता, हॅकआरएफला दिलं आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळी गच्चीवरची डिश क्यूओ-१०० कडे वळवली. ट्रान्सपाँडरच्या मधोमध १०,४८९.७५० मेगाहर्ट्झवर एक बीकन अखंड चालू असतं. एलएनबीतून खाली आल्यावर ते ७३९.७५० वर दिसायला हवं. पडद्यावर ते चार किलोहर्ट्झ बाजूला होतं आणि ऊन उतरत गेलं तसं हळूहळू आणखी सरकत होतं. हॅकआरएफ आता उपग्रहांच्या वेळेवर होतं, म्हणजे सरकत होती ती एलएनबी. तिचा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून तिथेही जीपीएसच्या डबीतून सिग्नल देता येतो. मित्रानं लगेच एलएनबी उतरवून तिचे स्क्रू काढायला घेतले. आतल्या चिपला किती पातळी लागते, हे आधी शोध म्हटलं.

‘माहितीपत्रक डाउनलोड होतंय,’ तो म्हणाला.